कार्यक्रम किती वाजता आहे?

लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्या बाई सत्तरीच्या असाव्यात. हातात औषधांची पिशवी, नाकावरून घसरलेला चष्मा. त्यांनी मला एकदा डोक्यापासून पायांपर्यंत पाहिलं, माझ्या पँटच्या घेरापाशी नजर थांबली, आणि अगदी मायेनं त्यांनी विचारलं, "कार्यक्रम किती वाजता आहे गं तुझा?" मला काही कळेना. "कुठला कार्यक्रम?" "नाही, अशी तयार होऊन निघालीस म्हणून विचारलं. नाच आहे का नाटक?" माझ्या काखेत ड्राफ्टिंगच्या कागदांची गुंडाळी होती, खांद्याला कात्री-टेपची पिशवी, आणि मी रोजच्यासारखी फॅशन डिझाइनच्या कॉलेजला निघाले होते. "कार्यक्रम नाही काकू, रोजचेच कपडे आहेत," मी म्हटलं. त्या हसल्या, "छान दिसतंय हो," म्हणाल्या आणि मजला आला तशा उतरून गेल्या.

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा कळतो, त्याचा सूर वेगळा असतो, आणि या कपड्यांमुळे तो माझ्या चांगला ओळखीचा झाला आहे. या बाईंनी तर कौतुकच केलं होतं. तरीही ते वाक्य दिवसभर माझ्या मागे लागलं. वर्गात कागदावर पँटच्या आसनाचं वळण काढत होते आणि मनात तेच चाललं होतं. कपडे त्यांना आवडले होते, पण ते साध्या मंगळवारचे असू शकतात हे त्यांच्या मनात आलंच नव्हतं. शिवाय त्यांच्या वयाचा हिशोब केला तर ही पँट ज्या काळाच्या पद्धतीची, त्या सत्तरच्या दशकात त्या माझ्याएवढ्या असणार. असे घेर त्यांनी स्वतः घातले असतील, किंवा घालावेसे वाटले असतील आणि राहून गेले असतील. आपल्याच तरुणपणातला कपडा समोर येऊन उभा राहिला आणि त्यांना तो रंगमंचावरचा वाटला.

असं का व्हावं?

त्या दिवशी अंगात होतं ते इतकंच. तांबूस तपकिरी कॉर्डरॉयची पँट, कंबर बेंबीच्या वर, मांडीला धरून आलेली आणि खाली उघडत गेलेली. साय रंगाचा शर्ट, त्याच्या कॉलरची टोकं लांब. जाड टाचेचे बूट, कारण घेराची पँट सपाट चपलेवर घातली की कडा जमिनीवर लोळते आणि सगळा तोल बिघडतो. यातलं शर्टाचं कापड सोडलं तर जुनं काहीच नव्हतं. पँट मी स्वतः बेतलेली आणि शिवलेली. पण ती बेतायला मी शिकले एका खरोखरच्या जुन्या पँटकडून, आणि तिच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

ही पँट मला जुन्या कपड्यांच्या ढिगात मिळाली. लेबल विरून गेलेलं, चेन धातूची, कंबर इतकी बारीक की माझ्या मांडीच्या वर चढेना. घालता येणार नव्हती, म्हणून मी ती उसवली. उसवणं हे आमच्या शिक्षणातलं मला सर्वात आवडणारं काम आहे. टीप एकेक करून कापत गेलं की कपडा आपण कसा तयार झालो ते उलट्या क्रमानं सांगायला लागतो. मागच्या मधल्या शिवणीत आत भरपूर कापड सोडलेलं होतं, दोन बोटं सहज बसतील एवढं. घालणारी पुढे जाडावली तर कंबर वाढवता यावी म्हणून. आजच्या तयार पँटमध्ये तिथे ओव्हरलॉक मशीननं गुंफलेली अरुंद कड असते, ती वाढत नाही, फक्त फाटते. खाली घेराच्या आतल्या बाजूला, टाचेकडे, एक जाड पट्टी शिवलेली होती, बुटावर घासून कापड विरू नये म्हणून. आणि त्या पट्टीच्या थोडं वर जुन्या दुमडीची रेघ होती, बाकी कापडाहून किंचित गडद. म्हणजे कुणीतरी ही पँट खालून सोडून लांब केली होती. घालणारी उंच झाली असेल, किंवा तिनं आणखी उंच बूट घेतले असतील. मी ती रेघ इस्त्रीखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिली. ती गेली नाही.

मग मी सगळे भाग कागदावर ठेवून आखले आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पायाचा सर्वात अरुंद भाग गुडघ्यावर नव्हता, गुडघ्याच्या चांगला वर होता. घेर तिथूनच उघडायला लागत होता. डोळ्याला मात्र वाटतं की गुडघाच तिथे आहे, आणि त्यामुळे खालचा पाय लांबच लांब दिसतो. दुसरं म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या शिवणीला घेर सारखाच वाढवलेला होता. तो फक्त बाहेरून वाढवला असता तर मधली इस्त्रीची घडी उभ्या धाग्यावरून सरकली असती आणि चालताना पँटचा पाय पिळल्यासारखा फिरला असता. हे ज्यानं कुणी बेतलं त्याला माणूस चालतो कसा हे नीट माहीत होतं. कापडात ताणणारा धागा नव्हता. स्पॅन्डेक्सचा शोध १९५८ सालीच लागला होता, पण डेनिम आणि कॉर्डरॉयमध्ये तो सर्रास मिसळायला लागले ते पुष्कळ नंतर. त्यामुळे ही पँट अंगाला बसत होती ती केवळ बेतण्याच्या जोरावर. आज सत्तरच्या दशकाची म्हणून जी पँट टांगलेली दिसते ती बहुतेकदा ताणून बसवलेली असते. आकार तोच असतो, पण त्यामागचा विचार काढून घेतलेला असतो, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

घेराची पँट घालून चालणं ही चालण्याची एक वेगळी तऱ्हा आहे. पाऊल पुढे पडतं आणि कापड अर्ध्या क्षणानं मागून येतं, नडगीला हलकेच लागतं, पुन्हा सुटतं. वारा असला की पँटचा एक पाय फडफडत राहतो. जिना चढताना बोटांनी मांडीपाशी जरा उचलून धरावं लागतं, सरकत्या जिन्यावर तर जपावंच लागतं. पावसात कडा पाणी पिते आणि ते पाणी कापडातून वर चढत चढत गुडघ्यापर्यंत येतं. मग दिवसभर पायाला गार, जड ओझं. उंच कंबर पोटाला धरून बसते, जेवल्यावर ती आपली उपस्थिती जाणवून देते, पण पाठ आपोआप सरळ राहते. घट्ट, अरुंद पँट घालून मी वाढले, तिच्यात मला माझे पाय जाणवायचे ते फक्त आकार म्हणून. इथे पाय हलतात हे जाणवतं. मी या कपड्यांकडे ओढली गेले ती फोटोंमुळे नाही, या चालण्यामुळे.

फोटोंबद्दल मात्र बोलायला हवं, कारण मला वाटतं लिफ्टमधल्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. सत्तरचं दशक म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? चंदेरी टिकल्या, आरशांचा फिरता गोळा, घामानं चमकणारे चेहरे. न्यूयॉर्कचा स्टुडिओ ५४ हा नाइटक्लब एप्रिल १९७७ मध्ये उघडला आणि त्याच्या मूळ मालकांचा अंमल १९८० च्या सुरुवातीला संपला. तीन वर्षंही पुरती नाहीत. त्या तीन वर्षांतल्या रात्रींनी सगळं दशक गिळून टाकलं. छायाचित्रकार जातात ते पार्टीला. सकाळी नऊ वाजता फायलींचा गठ्ठा घेऊन बसची वाट पाहणाऱ्या बाईच्या पँटचा फोटो काढायला कोण जाणार? म्हणून त्या काळाच्या रात्री आपल्याला तोंडपाठ आहेत आणि दिवस विसरलेले आहेत.

आणि मला हवे आहेत ते त्याचे दिवस.

कारण खरं पाहिलं तर त्या काळातलं सर्वात मोलाचं काम दिवसाच्या कपड्यांवरच झालं. १९६६ साली फ्रेंच डिझायनर ईव्ह सँ लोराँनं बायकांसाठी टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा समारंभाचा सूट केला आणि त्यानंतरच्या वर्षांत पँट हळूहळू ऑफिसात शिरली. हळूहळूच. अमेरिकेच्या सिनेटच्या सभागृहात बायकांना पँट घालून जाता यायला १९९३ उजाडावं लागलं. डिझायनर डायन फॉन फर्स्टनबर्गनं १९७४ साली आणलेला रॅप ड्रेस घ्या. चेन नाही, बटण नाही, दोन पदर एकमेकांवर घ्यायचे आणि कमरेला बांधायचे. जर्सीचं विणलेलं कापड, घडी करून बॅगेत टाकलं तरी चुरगळत नाही. दोन वर्षांत असे दहा लाखांहून जास्त ड्रेस विकले गेले. एवढ्या बायका काही पार्ट्यांना जात नव्हत्या, त्या कामाला जात होत्या. अमेरिकन डिझायनर हॉल्स्टननं १९७२ मध्ये अल्ट्रास्वेडचा शर्टड्रेस केला. हे कापड दिसायला मऊ चामड्यासारखं, जपानमधल्या कारखान्यात तयार झालेलं, आणि त्याची खरी कमाल ही की ते घरच्या मशीनमध्ये धुता येत होतं. लंडनचा डिझायनर ऑसी क्लार्क याच्या तरंगत्या, लांब बाह्यांच्या ड्रेसमध्ये एक छोटा चोरखिसा असायचा, घराची किल्ली आणि एखादी नोट मावेल एवढाच. तो खिसा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरून आलं. एवढ्या स्वप्नाळू ड्रेसमध्ये कुणीतरी विचार केला होता की ही बाई रात्री एकटी घरी जाणार आहे, तिला पर्स सांभाळायला लावू नये आणि दार उघडण्यासाठी कुणावर अवलंबून राहायलाही लावू नये.

याच मुद्द्यावर १९७३ सालचा पॅरिसजवळच्या व्हर्सायचा फॅशन शो मला फार महत्त्वाचा वाटतो. २८ नोव्हेंबरला राजवाड्याच्या नाट्यगृहात पाच फ्रेंच आणि पाच अमेरिकन डिझायनर समोरासमोर आले. फ्रेंच मंडळींनी मोठाले देखावे उभे केले, वाद्यवृंद बसवला, त्यांचा भाग लांबतच गेला. अमेरिकन भाग अर्ध्या तासाच्या आसपासचा, संगीत ध्वनिमुद्रित, मंच जवळपास रिकामा. पण त्यांच्या मॉडेल, ज्यांत कृष्णवर्णीय मुली मोठ्या संख्येनं होत्या, चालायच्या कशा! कपडे चालण्यासाठी केलेले होते, म्हणून मंच रिकामा असूनही भरून गेला. त्या पाचांतल्या स्टीफन बरोज या तरुण कृष्णवर्णीय डिझायनरची एक युक्ती मी वर्गात करून पाहिली. जर्सीची कड ताणून धरायची आणि तशीच ताणलेली असताना तिच्यावर दाट, बारीक झिगझॅग टीप मारायची. हात सोडला की कड आकसायला जाते, पण टिपेनं तिची लांबी वाढवून ठेवलेली असते, मग ती लाटालाटांनी वळत जाते, सॅलडच्या पानाच्या कडेसारखी. तिचं नावच लेट्यूस हेम. मशीनच्या पायाखाली ती कड सरळ असते आणि बाहेर आली की जिवंत होते. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी वर्गातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं होतं.

"पण तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस," हा प्रश्नही येतो. लिफ्टमधल्या प्रश्नाचाच तो भाऊ. न पाहिलेल्या काळाचे कपडे घालणं म्हणजे सोंग, असा त्यातला सूर. बरेच दिवस याला काय म्हणावं ते मला सुचत नव्हतं. फॅशनच्या इतिहासाच्या तासाला सत्तरचं दशक नीट उघडलं तेव्हा सापडलं. ते दशक स्वतःच दुसऱ्या दशकांचे कपडे घालत होतं. सँ लोराँचा जानेवारी १९७१ चा संग्रह उघड उघड चाळीसच्या दशकावर बेतलेला होता. चौकोनी खांदे, आखूड स्कर्ट, फेट्यासारखी डोक्याची बांधणी, जाड तळाचे बूट. त्याला हे सुचलं चित्रकार पिकासोची मुलगी पालोमा हिच्याकडून, जी जुन्या बाजारातले कपडे गोळा करून मजेत घालत असे. पॅरिसमधले टीकाकार संतापले, कारण त्यांच्यासाठी ते खांदे आणि ते बूट म्हणजे जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस होतं, रेशनच्या रांगा होत्या. तरुण मुलींना त्यात फक्त एक सुंदर आकार दिसला. लंडनमध्ये बार्बरा हुलानिकीचं बिबा हे दुकान १९७३ मध्ये तीसच्या दशकातल्या एका आर्ट डेको शैलीतल्या इमारतीत गेलं. तिथले रंग जांभळट, गंजलेले, राखाडी गुलाबी, म्हणजे तिच्या घरातल्या मोठ्या बायकांच्या कपाटातले वाटावेत असे. तिरका कट, ज्याला आपण उरेब म्हणतो, तोही माडलेन व्हियोने या फ्रेंच बाईंनी वीस-तीसच्या दशकांत घडवलेला. कापड उभ्या धाग्यावर न धरता कोनात धरायचं, म्हणजे ते अंगावरून ओघळतं. हॉल्स्टन आणि क्लार्क दोघांनी तो उचलला. जाड तळाचे बूटसुद्धा तीसच्या दशकाच्या शेवटी येऊन गेले होते.

हे वाचून मला मोकळं वाटलं. ज्या काळाशी मी प्रामाणिक नाही असं लोक म्हणतात, तो काळ स्वतः असाच तीस-चाळीस वर्षं मागे हात घालून घडला होता. तेव्हाच्या मुलींनीही न पाहिलेला काळ अंगावर घेतला, त्यातलं दुःख ओळखलं नाही हे खरं, पण त्यातून जे केलं ते त्यांचं स्वतःचं झालं. पालोमाच्या आधीच्या पिढीचा राग मला समजतो. जुना कपडा पाहून कुणाच्या मनात काय उघडेल हे घालणाऱ्याला कळत नाही. लिफ्टमधल्या बाईंच्या मनात काय उघडलं हे मलाही कळलेलं नाही, आणि यापुढे असं कुणी थांबून पाहिलं तर मी एखादा प्रश्न जास्त विचारीन असं मात्र ठरवलं आहे.

ब्रिटिश वेशभूषा-अभ्यासक जेम्स लेव्हर यांनी १९३७ मध्ये एक क्रम मांडला होता. फॅशन संपल्यावर वर्षभरात ती गबाळी वाटते, दहा वर्षांनी हिडीस, वीस वर्षांनी हास्यास्पद, पन्नास वर्षांनी विलक्षण-जुनाट, सत्तर वर्षांनी मोहक. सत्तरचं दशक आत्ता पन्नाशीला आहे. तरी हा क्रम आता जसाच्या तसा लागू पडत नाही असं मला वाटतं. डिझायनर टॉम फोर्डनं १९९५ मध्येच गुची या फॅशन कंपनीसाठी मखमली पँट आणि सॅटिनचे शर्ट आणून हे दशक पुन्हा बाजारात उभं केलं. त्यानंतर ते दर काही वर्षांनी येतंच आहे. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, डिझायनर शेमेना कमालीनं क्लोए या कंपनीसाठी झालरी आणि पारदर्शक तरंगते ब्लाउज आणले. ज्याचं पुन्हा पुन्हा पुनरागमन होतं ते कधी गेलेलंच नसतं. ते फक्त दिवसातून हद्दपार होतं, आणि सणासमारंभापुरतं येतं.

त्या शर्टाच्या कापडाबद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. ते पॉलिएस्टर आहे, पन्नास वर्षांपूर्वीचं. टेक्स्टाइलच्या तासाला आम्ही शिकलो की पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा धरत नाही, सुती कापड सात-आठ टक्के धरतं. हे वाक्य वहीत लिहिणं वेगळं आणि दुपारी दोन वाजता अंगावर सोसणं वेगळं. घाम कापडात जात नाही, पाठीवरच बसतो, आणि संध्याकाळी काखेत जो वास येतो तो दोन धुण्यांतही पुरता जात नाही. अंधारात शर्ट काढला तर ठिणग्यांचा बारीक तडतडाट ऐकू येतो. पण कॉलरच्या आतल्या बाजूला जिथे थोडी नक्षी आहे, तिथला नारिंगी रंग काल छापल्यासारखा आहे. पॉलिएस्टरचा रंग दाबाखाली, एकशेतीस अंशांच्या आसपास तापवून धाग्याच्या आतपर्यंत नेऊन बसवलेला असतो. तो बाहेर येतच नाही. हा धागा १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधला, आणि सत्तरच्या दशकात त्यानं अक्षरशः घरं भरली. इस्त्रीतून सुटका झालेल्या बायकांनी त्याला आनंदानं जवळ केलं आणि त्यांना दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. इस्त्री करणारा हात कुणाचा असायचा ते आपल्याला माहीत आहे. पण हा धागा खनिज तेलापासून होतो, कुजत नाही, आणि आज जगात तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे. या दशकावर माझं प्रेम आहे आणि त्याचं सर्वात मोठं उधार आमच्या पिढीच्या डोक्यावर आहे, या दोन्ही गोष्टी मी त्या एकाच शर्टात अंगावर घालते. नवं पॉलिएस्टर विकत घेत नाही. जुनं असेल तर ते विरेपर्यंत वापरते, आणि ते विरत नाही.

दुसरी खंत शरीराची आहे, आणि ती मला अधिक छळते. सत्तरच्या दशकानं बायकांना आतून बांधून ठेवणारे पट्टे, हाडं घातलेली अंतर्वस्त्रं, अस्तरं, पॅडिंग हे सगळं काढून टाकलं. मोकळीक दिली असं आम्हाला शिकवतात आणि ते खोटं नाही. पण उरेब कापलेल्या पातळ जर्सीखाली दुसरं काहीच नसेल, तर कपड्याचा सांगाडा व्हायचं काम कुणाकडे येतं? अंगाकडेच. आधी बारीक कंबर अंतर्वस्त्र करून द्यायचं, आता ती स्वतः कमवायची होती. त्या काळातली चित्रं पाहा, सगळ्या मुली लांब, अरुंद, जवळजवळ बिनकुल्ह्याच्या. माझे कुल्हे रुंद आहेत. मी पहिल्यांदा हॉल्स्टनच्या पद्धतीचा ड्रेस मस्लिनवर, म्हणजे कच्चा नमुना करायच्या साध्या सुती कापडावर करून पाहिला आणि आरशासमोर उभी राहिले, तेव्हा कपड्यावर राग यायच्या आधी मला माझ्या अंगावर राग आला. कपडा शिकणाऱ्या मुलीला असं वाटावं हे काही बरं नाही. आमच्या एका शिक्षिका त्या वेळी शेजारी होत्या. त्यांनी काही समजूत घातली नाही. टाचण्या काढल्या, कुल्ह्यावरचं कापड सोडलं, कोन थोडा बदलून पुन्हा टाचलं आणि म्हणाल्या, "धागा बघ कुठे पळतोय. अंग बघू नकोस." तेव्हापासून मी धागा बघते. उरेब कापड रुंद अंगावरही सुंदर ओघळतं, फक्त ते रुंद अंगासाठी बेतावं लागतं, आणि ते तेव्हा फारसं कुणी बेतलं नाही.

म्हणून या सत्रात मी जे करते आहे ते मला त्या काकूंना सांगायला आवडलं असतं. माझ्या वर्गमैत्रिणीसाठी रॅप ड्रेस बेतते आहे. ती भरल्या अंगाची आहे, स्कूटर चालवते, दिवसातून दहादा बसते-उठते. बाजारात मिळणारा रॅप ड्रेस तिनं एकदा घातला आणि कपाटात टाकून दिला, कारण बसलं की पुढचा पदर उघडायचा आणि एक हात सतत मांडीवर ठेवावा लागायचा. मूळ ड्रेस पुस्तकातल्या मापांवरून आखला तर पदरावर पदर जेमतेम येतो. मोठ्या मापात तयार करताना बहुतेक ठिकाणी सगळं सारख्याच प्रमाणात वाढवतात. पण मोठ्या मांडीला सरसकट वाढ नको असते, आतला पदर पुरेसा पलीकडे जायला हवा असतो. मी आतला पदर चार इंच वाढवला, त्याच्या टोकाला आतून एक बंद लावला जो उलट्या बाजूच्या शिवणीत अडकतो, आणि कमरेची जागा अर्धा इंच वर घेतली. छातीपाशी पदर जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे आत एक टिचबटण. उजव्या शिवणीत किल्लीपुरता चोरखिसा, तो ऑसी क्लार्कचा. कापड जाडसर सुती जर्सी, रंग तोच, गंजाचा. कच्च्या मस्लिनवर तो तिनं पहिल्यांदा घातला, खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "अगं, हे राहतंय!" मग ती तशीच, टाचण्यांसकट, पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरवर बसून आली. मागच्या शिवणीत थोडा ताण येतोय, तो भाग पुन्हा आखायचा आहे. पुढचे पाच कपडेही मी तिच्या मापावरूनच सुरू करणार आहे, वर्गातल्या बारीक डमीला हात न लावता. परीक्षकांना ते चालेल की नाही याची बोलणी अजून चालू आहेत.